जोत्याबाहेरचे चार फूट

८ मार्च २०१९ रोजी किहीमच्या किनाऱ्यावरील नीरव मोदी यांचा बंगला सुरुंगांनी पाडण्यात आला, तेव्हा आम्ही दोघे अलिबाग तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घरी दूरचित्रवाणीपुढे बसलो होतो. जानेवारीपासून यंत्रांना पुरून उरलेली ती वास्तू क्षणार्धात खाली आली. आम्हाला आनंद झाला, हे कबूल करायला हवे.

किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा तिने नियमांखाली आणला. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर नव्या बांधकामाला वर्ज्य ठरवले. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, मात्र जोते वाढवता येत नाही. ‘भरतीरेषा’! सरकारी मराठीला असा शब्द क्वचितच साधतो.

ही रेषा आमच्या परसदारापासून फार दूर नाही. बंगला पडण्याच्या तीन वर्षे आधी आम्ही मागची पडवी बंद करून पुस्तकांची खोली केली होती, जोत्याबाहेर चार फूट सरकून. ग्रामपंचायतीत विचारले नाही. गवंडी म्हणाला होता, “सर, घरातलंच काम. कोण बघतंय?” आम्हाला ते पटले, कारण पटवून घ्यायचेच होते. शब्दांच्या छटा शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली. तरी दुसऱ्याचे बांधकाम ‘अनधिकृत’ आणि आपले ‘वाढीव’, हा भेद आमच्या तोंडी कधी रुळला ते कळले नाही.

परवा त्या खोलीची नोंद करून घेण्यासाठी अर्ज लिहायला बसलो. बांधकामाचे वर्णन करताना ‘वाढीव’ लिहिले, खोडले, आणि अर्ज तसाच पुस्तकात ठेवला.