पायाखालची पकड

हल्ली सांगली-मिरज रस्त्यावर रुंद टायरच्या थार गाड्या फार दिसू लागल्या आहेत. गाडी घरी आली की महिन्या-दोन महिन्यांत तिला नवे दिवे, नवा बंपर, वर कॅरियर असे काहीबाही चढू लागते. त्याच यादीतली एक छोटी वस्तू म्हणजे धातूची पेडल कव्हरे. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर बसवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्या. साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्याआधी असा एक संच मागवला आणि बसवून घ्यायला तो सांगलीला आमच्याकडे आला, कारण आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींच्या हातावर त्याचा भरवसा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाडीशी माझा संबंध मागच्या सीटवर बसण्यापुरता. पण हीच गाडी माझ्या अम्मीला घेऊन यवतेश्वरचा घाट चढते-उतरते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये जाऊन बसले.

भाच्याने डबा उघडला आणि मला अब्बांची जीप आठवली. अब्बा साताऱ्यात वडाप चालवत. जीपवर त्यांचा फार जीव. ही कंपनी १९४५ साली लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली, भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले, हा इतिहास ते प्रवाशांना हमखास ऐकवत. जीप मात्र जुनी होती. तिच्या क्लचचे रबर झिजून कधीच निघून गेले होते आणि खालचे लोखंड बुटाने घासून घासून गुळगुळीत झाले होते. पावसाळ्यात ओला तळवा त्यावरून सरकायचा. अब्बांनी त्यावर इलाज काढला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती पेडलला घट्ट गुंडाळायची, तारेने आवळायची आणि पायाशी बारदान टाकायचे. सीटवर बसले की आधी बारदानावर दोन्ही तळवे पुसायचे, मगच किल्ली फिरवायची. गाडी खचाखच भरलेली असली आणि मागून लोक ‘चला, चला’ करत असले तरी या कामात त्यांनी कधी घाई केली नाही.

म्हणजे अब्बा लोखंडावर रबर चढवत होते आणि त्यांचा नातू रबरावर धातू चढवायला निघाला होता. मी हे बोलून दाखवले तेव्हा भाचा हसला. म्हणाला, “फुफी, हे दिसण्यासाठी नाही, पकडीसाठी आहे.”

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. आमच्या सांगलीकडची काळी माती पावसात बुटाला अशी चिकटते की उसाच्या शेतातून बाहेर आलेल्या माणसाचा पाय दुप्पट जड होतो. ही माती रबराच्या बारीक खाचांत बसली की रबरही गुळगुळीत होते. अशा वेळी वर आलेल्या टोकदार दात्यांची धातूची पट्टी बुटाच्या तळव्याला धरून ठेवते आणि भोकांतून चिखलपाणी निघून जाते. चिखलात गाडी घालणाऱ्यांना ही कव्हरे आवडतात ती यासाठी. प्रश्न एवढाच होता की भाच्याने आणलेली कव्हरे त्या जातीची होती का?

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी ब्रेकची पट्टी जमिनीवर ठेवली, मगभर पाणी ओतले, वर चिमूटभर माती टाकली आणि भाच्याला तिच्यावर बूट दाबून पुढे सरकवायला सांगितले. पाय सर्रकन निसटला. पट्टीवर रबराचे ठिपके होते, पण ते पृष्ठभागाच्या वर जेमतेम आलेले. बाकी सारा चकचकीत अ‍ॅल्युमिनियम. मग त्यांनी गाडीचे मूळ रबर तसेच ओले करून दाखवले. पाय टिकला. भाचा काही बोलला नाही. त्याने संच परत डब्यात भरला.

चार दिवसांनी तो उठावाचे दाते असलेला दुसरा संच घेऊन आला. या वेळी पाणी-मातीच्या परीक्षेत पट्टी पास झाली आणि मिस्त्रींनी काम हाती घेतले. नुसत्या आकड्यांनी पेडलला पकडणारी कव्हरे त्यांना मान्य नव्हती. खडबडीत रस्त्यावर हादरे बसून ती सैल होतात, आणि क्लचवरून सुटलेली पट्टी घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. म्हणून त्यांनी क्लच आणि ब्रेकला भोके पाडून आरपार बोल्ट घातले, मागून आपोआप सैल न होणारे लॉक नट आवळले आणि बोल्टचे जास्तीचे टोक कापून घासले, म्हणजे ते कार्पेटमध्ये किंवा वायरीत अडकणार नाही. अ‍ॅक्सिलरेटरला त्यांनी हातच लावला नाही. तो प्लास्टिकचा. भोक पाडले तर तडा जाऊ शकतो, आणि वर वजन चढले तर पेडल पूर्वीसारखे चटकन वर येईल याची खात्री राहत नाही. शिवाय पट्टीच्या जाडीने ब्रेक थोडा उंच झाला होता. घाटात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर पटकन न्यावा लागतो. तेव्हा बुटाची कड ब्रेकच्या कडेला अडू नये म्हणून त्यांनी ती कड कानशीने गोल केली आणि भाच्याला वीस-पंचवीस वेळा पाय इकडून तिकडे न्यायला लावले.

पायाजवळची वस्तू छोटी असते, पण तिथली चूक छोटी राहत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका लेक्सस गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड मॅट टाकलेली होती. अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकला, गाडी थांबेना, आणि आतले चौघेही गेले. त्यानंतर टोयोटा कंपनीने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाजवळची मॅट काढून ठेवायला सांगितले. निमित्त होते रबराच्या एका मॅटचे.

आपल्या घरातल्या मुलांना गाडी सजवायची हौस असते आणि ती असू द्यावी. नवे दिवे, सीट कव्हर, आरशाला लटकवलेली तस्बीह यांवरून त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पण स्टिअरिंग, टायर आणि पेडल यांना हात लागणार असेल तर आयांनी, फुफींनी, दादींनीही गॅरेजमध्ये जाऊन चार प्रश्न विचारावेत. ओल्या बुटाखाली पट्टी सरकते का? ती बोल्टने बसवली आहे की नुसती अडकवली आहे? तिन्ही पेडल इंजिन बंद असताना तळापर्यंत दाबली जातात आणि सुटून वर येतात का? पायाजवळची मॅट जागेवर पक्की आहे का? यातले काहीही कळायला इंजिनिअर असावे लागत नाही. त्या गाडीत आपणच बसणार असतो, विचारण्याचा हक्क तेवढ्याने मिळतो.

आणि काम झाल्यावर पहिला फेरा घाटात नको. भाच्याने तो रविवारी सकाळी एका रिकाम्या मैदानात घेतला, तोही एकट्याने. आठवड्याने नट पुन्हा तपासून घेतले. त्यानंतरच अम्मीला गाडीत बसवले.