बोटीच्या पोटाखाली

रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला सरांनी प्रकल्प दिला: जहाजाच्या तळाला जीव चिकटू न देणारे रंग. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या घरात बोट म्हणजे भेडाघाटची, संगमरवरी खडक दाखवणारी. बाबांनी लगेच विचारलं, "ग्वारीघाटच्या नावांना कुठे काय चिकटतं?" चिकटतं, पण ते बुळबुळीत शेवाळ. नावाडी घासतो आणि मोकळा होतो. मग यावर एवढं संशोधन कशाला, हे मलाही कळेना.

ते कळलं गोव्यात. मांडवीकाठच्या एका यार्डात दुरुस्तीला ओढून घेतलेल्या ट्रॉलरखाली मी उभी राहिले, तर रंग कुठे दिसेचना. सगळीकडे पांढुरके, धारदार कडांचे सुळके. ते होते बार्नेकल, कवचाचे समुद्री प्राणी. मधेमधे कालवं आणि हिरवी दाढी. मिस्त्रींनी हातात पत्रा दिला, "खरवड." घाम निघाला तरी तळहाताएवढी जागासुद्धा साफ होईना. "हे ओझं ओढायला डिझेल जास्त लागतं," ते म्हणाले.

नंतर वाचलं ते आणखी चक्रावणारं होतं. बार्नेकलचं पिल्लू शेवटच्या अवस्थेत काही खात नाही. फक्त जागा शोधतं. मिशांवर चालत पृष्ठभाग चाचपतं, पसंत पडला की डोकं खाली करून स्वतःला चिकटवतं आणि पुढचं आयुष्य पायांनी अन्न ओढत काढतं. चार्ल्स डार्विन या प्राण्यांवर आठ वर्षं खपला होता, हे वाचून मला जरा धीर आला.

माणसाचा जुना उपाय विषाचा. ट्रायब्युटिलटिन घातलेले रंग इतके जालीम निघाले की फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीतली कालवं वेडीवाकडी वाढू लागली, काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली. २००१मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८पासून जहाजांवर हे रंग बंद झाले. आज बहुतेक रंगांत तांबं असतं. तेही विषच.

मग शार्क स्वच्छ कशी राहते? फ्लोरिडा विद्यापीठाच्या अँथनी ब्रेनन यांनी तिच्या खवल्यांवरच्या कंगोऱ्यांवरून एक नक्षी बनवली. कंगोरे जेमतेम दोन मायक्रॉन रुंद. त्यात विष अजिबात नाही, तरी प्रयोगशाळेत एका हिरव्या शेवाळाच्या बीजाणूंचं बसणं सुमारे ८६ टक्क्यांनी घटलं. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं डेलिसिया हे लाल शेवाळ फ्युरॅनोन नावाची रसायनं बनवतं. पृष्ठभागावर थर धरताना बॅक्टेरिया एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात, तो निरोपच ही रसायनं बिघडवतात. मारण्यापेक्षा बसू न देणं, ही कल्पना मला फार आवडली.

पण सरांना एकामागून एक प्रश्न विचारत गेले तसा गोंधळ वाढला. शार्कची नक्षी बार्नेकललाही चालेल का? नाही. त्याचं पिल्लू बीजाणूपेक्षा कितीतरी मोठं, त्याला मोठे कंगोरे लागतात. समुद्रात तर दोघंही एकाच तळावर उतरतात. मग गुळगुळीत सिलिकॉनचा रंग? त्यावर पकड सैल राहते आणि वेगात जाणाऱ्या जहाजावरून जीव पाण्याच्या जोरानेच गळून पडतात. आमचा ट्रॉलर मात्र जाळं ओढताना तीन-चार नॉटनेच सरकतो आणि बाकी वेळ जेट्टीला बांधलेला असतो. बरं, समुद्रातल्या सगळ्यांनाच ही विद्या येते असंही नाही. हंपबॅक देवमासा बार्नेकल अंगावर घेऊनच फिरतो.

सरांनी शेवटी विचारलं, "ते लाल शेवाळ आपलं रसायन रोज नव्याने बनवतं. तुझ्या डब्यातला रंग बनवेल का?"

मी आता तेवढ्याच प्रश्नावर काम करते आहे. असं रसायन रंगात कोंडून महिनोन्महिने थोडंथोडं कसं सोडायचं? बाबांना हे फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे अजून खरवडावंच लागणार." त्या ट्रॉलरपुरतं तरी, हो.