ऐकणाऱ्याची जागा

सिनेमाचा पंचमुखी ध्वनिसंच घरांत आला म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो "हे स्पीकर ठेवावयाचे कोठें?" हा, आणि ज्यांची बसावयाची खोली सरळ चौकोनी नाहीं त्यांस तो विशेषच छळतो. आमच्या मतें येथें आरंभच उलट्या टोकानें होतो. ऐकणारा कोठें बसणार हें आधीं ठरवावें. मग स्पीकरांच्या जागा बव्हंशीं आपोआप ठरतात.

हा विचार नवा नाहीं. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत भरतमुनींनीं नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र, म्हणजे लांबट, चौरस व तिकोनी, असे आकार सांगितले आहेत. तिकोनी जागेलाही त्यांनीं अपात्र ठरविलें नाहीं. मात्र माणसांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद याहून मोठें गृह बांधूं नये असें त्यांचें सांगणें. कारण त्याहून मोठ्या जागेंत नटाचें बोलणें अस्पष्ट होतें व मुखावरील भाव दिसत नाहींत. म्हणजे मोजमाप निघालें तें प्रेक्षकाच्या कानाडोळ्यांवरून.

आमची खोली १८ फूट लांब व ११ फूट रुंद आहे. परंतु उजवी भिंत मध्येंच संपते आणि जुनी कोठी मोडून केलेली सात फूट खोल जागा तेथें उघडते. आमच्या पुतण्यानें संच आणला तेव्हां मागचा डावा स्पीकर जवळच्या भिंतीवर व उजवा कोठीच्या पलीकडच्या भिंतीवर लावावयाचें योजिलें. "काका, अंतर यंत्राला सांगितलें कीं झालें, जवळचा आवाज तें थांबवून धरतें," असें त्याचें म्हणणें. तें खरेंच आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. सात फुटांच्या फरकानें सेकंदाचे सुमारें सहा सहस्रांश इतका उशीर होतो, आणि रिसीव्हर तेवढा हिशेब सहज जुळवितो. पण तो हिशेब एकाच आसनापुरता जुळतो, आणि आमच्या घरीं आसनें आठ! हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९४९ सालच्या प्रबंधांत दाखविलें कीं, तोच ध्वनि दोन ठिकाणांहून किंचित् अंतरानें आला, तर जो आधीं पोहोंचतो त्याच्याच दिशेनें तो आला असें कानास वाटतें. तेव्हां जो एका स्पीकराला चिकटून बसला, त्याला बाकीचे असून नसल्यासारखे.

आमच्या घरीं असे बसणारे आमचे वडील बंधु, दादा. त्यांचें वय ७८. आरामखुर्ची डाव्या भिंतीशीं. वार्धक्यांत उंच स्वर आधीं मंदावतात, आणि स, श, त यांसारख्या व्यंजनांची स्पष्टता त्यांवरच अवलंबून असते. संच तात्पुरता मांडून पाहिला त्या आठवड्यांत दादांस पाऊस व मोटारी कानाशींच ऐकूं येत. पात्रांचे शब्द मात्र हरवत. "तुमचें चालूं द्या," म्हणून ते आंत जाऊन पडत. त्यांच्यामागें वहिनीही उठत. खोलींत सहा माणसें उरत आणि कोणी कांहीं बोलत नसे. घरांतील करमणुकीनें घरांतलेंच वडील माणूस उठून जावें, हें आम्हांस बरें वाटेना.

मग आम्हीं सुतळी व खडू घेतला. प्रथम दादांची खुर्ची भिंतीपासून काढून मध्यरेषेवर आणली. ती जागा पुतण्यानें स्वतःसाठीं योजिली होती. त्यानें एक शब्दही न काढतां ती सोडली. खुर्ची व पुढचे दोन स्पीकर यांचा आठ फुटांचा समभुज त्रिकोण सुतळीनें आंखला. त्यानें शास्त्रांत सांगितलेला दोहों बाजूंचा ३० अंशांचा कोन आपोआप साधतो, कोनमापक लागत नाहीं. चित्रपटांतील संभाषण बहुतेक मधल्या स्पीकरांतून येतें. म्हणून तो पडद्याखालीं ठेवून त्याचें तोंड दादांच्या कानाकडे उचललें व त्याचा आवाज तीन डेसिबलांनीं वाढविला.

मागच्या दोघांचें स्थान समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांत असावें लागतें. उजवीकडे भिंत नाहीं, म्हणून सुताराकडून जड बुडाचा, साडेपांच फूट उंच लांकडी खांब करून कोठीच्या तोंडाशीं उभा केला. डावा स्पीकर तितक्याच उंचीवर व अंतरावर लाविला. डोक्याहून दोन फूट वर गेल्यानें जवळ बसणाराच्या कानांवर तो आदळत नाहीं. कोठीच्या तोंडाला जाड पडदा टांगला. त्यानें उंच स्वरांचा प्रतिध्वनि कमी झाला.

खर्जाला मात्र कापड अडवीत नाहीं. नैयायिक ज्याला कदंबमुकुलन्याय म्हणतात, त्याप्रमाणें तो कदंबाच्या कळीसारखा सर्व बाजूंस एकदम फुलतो, आणि सुमारें ८० हर्ट्झच्या खालीं त्याची दिशाही नीट कळत नाहीं. त्याची युक्ति गमतीची आहे. सबवूफर दादांच्या खुर्चीवर ठेवून वाजविला आणि पुतण्याचा मुलगा भिंतीकडेनें रांगत कान लावीत गेला. जेथें खर्ज न घुमतां सारखा ऐकूं आला, तेथेंच सबवूफर ठेविला.

कडेच्या आसनांवर मागच्या ध्वनीची गोडी अजूनही थोडी उणीच आहे. मुलांची त्याबद्दल तक्रार नाहीं. मात्र पूर्वीं सर्वजण हंसले म्हणजे मागाहून दादा हंसत. आतां ते सर्वांच्या बरोबरच हंसतात, आणि एकदां तर आधींच हंसले.

वाचकांपैकीं कोणाची खोली आमच्यासारखी वांकडी असेल, तर त्यांनीं भिंतीला भोंक पाडण्यापूर्वीं एवढें करावें. घरांत ज्याचा कान सर्वांत मंद त्यास खुर्चीवर बसवावें, एखादा संभाषणाचा प्रसंग लावावा, आणि पात्र काय बोललें तें त्याच्याकडून वदवून घ्यावें. शब्द बरोबर आले, तर मग खुशाल खिळे ठोकावे.