किरकोळ

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. पुलावरून जाताना बसमधील प्रवासी हात जोडतात आणि खिडकीतून एखादे नाणे पात्रात टाकतात. ते नाणे परत येईल अशी कोणाचीही अपेक्षा नसते. हातातून सुटताक्षणीच ते खर्ची पडलेले असते, आणि म्हणूनच त्या व्यवहारात ना हुरहूर असते ना पश्चात्ताप. खाली घाटावरची मुले उथळ पाण्यात तीच नाणी शोधत असतात, ही गोष्ट निराळी.

या घाटाला इतिहास आहे. जवळच १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले; १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन येथे झाले. मकरसंक्रांतीला येथे मेळा भरतो. तीळ, गूळ, बांगड्या, लाकडी खेळणी यांच्या जोडीने अशा प्रत्येक जत्रेत असतात तशी रिंगा टाकण्याची आणि फुगे फोडण्याची दुकाने मांडली जातात. दहा-वीस रुपयांत चार रिंगा मिळतात. साबणाच्या वडीवर नेमकी रिंग बसली तर वडी आपली. १८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. रिंग आणि वडी यांच्या आकारांत जेमतेम तीळभर अंतर ठेवणारा दुकानदार त्या तरतुदीचा लाभ कितपत न्यायाने घेतो, हे ठरविण्यास मात्र मेळ्यात कोणी बसलेले नसते.

अशाच एका मेळ्याच्या दिवशी गणिताचे एक निवृत्त अध्यापक आणि पुण्यात नोकरी करणारा त्यांचा पुतण्या घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते. पुतण्या गोव्याला निघाला होता. मांडवीतील तरंगत्या कॅसिनोत एक संध्याकाळ घालविण्याचा त्याचा बेत होता, आणि काकू काळजीत पडल्यामुळे काकांनी त्याला समजवावे असे ठरले होते.

"काका, मी काही हजारोंनी लावणार नाही. शंभर-शंभरच्या डावांनी किती जाणार? सिनेमाला तिघे गेलो तरी याहून जास्त जातात."

काकांनी प्रतिवाद केला नाही. ते म्हणाले, "तुझे म्हणणे तपासून पाहू. तुझ्याकडे कागद आहे का?"

पुढे जे झाले तो उपदेश नव्हता, हिशेब होता. रूलेटच्या चाकावर शून्य धरून सदतीस घरे असतात आणि जिंकणाऱ्या घराला एकास पस्तीस भाव मिळतो. सदतीसही घरांवर एकेक रुपया ठेवणारा सदतीस रुपये घालून छत्तीस परत घेतो. तो एक रुपया म्हणजेच मालकाचे उत्पन्न, शेकडा २.७०. दोन शून्यांच्या चाकावर हे प्रमाण ५.२६ होते आणि तीन शून्यांच्या चाकावर ७.६९. तासाला चाळीस डाव, प्रत्येकी शंभर रुपये धरले तर उलाढाल चार हजारांची. सरासरी तोटा अनुक्रमे १०८, २१० आणि ३०८ रुपये.

"म्हणजे माझेच खरे ठरले," पुतण्या म्हणाला. "एकशे आठ रुपयांत तासभर करमणूक."

"एका शून्याचे चाक मिळाले तर. पण स्वस्त टेबलावर ते मिळेलच असे नाही."

काकांच्या या वाक्यात जुगाराच्या अर्थशास्त्राचे एक कटू सत्य आहे. लास वेगासमध्ये तीन शून्यांची चाके आणि ब्लॅकजॅकचे खालावलेले भाव प्रामुख्याने कमी रकमेच्या टेबलांवरच आढळतात. पहिल्या दोन पानांत एकवीस झाले की पूर्वी शंभरावर दीडशे मिळत, आता अनेक ठिकाणी एकशे वीस मिळतात. असा योग साधारण एकवीस डावांत एकदा येतो. दर एकवीस डावांत तीस रुपयांची ही कपात शेकडा १.४ च्या आसपास जाते. नीट खेळणाऱ्याविरुद्ध मालकाची जी मूळ सरशी असते तिच्या कित्येक पट. सुटी साखर घेणाऱ्याला पोत्याने घेणाऱ्यापेक्षा भाव चढा पडतो, तोच हा न्याय. गरिबाला डाव लहान मिळतो आणि दर मोठा.

गोव्यात या हिशेबात सरकारही सामील होते. तेथील १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि पुढच्या सुधारणेने जहाजांवर टेबलांच्या खेळांना वाट करून देण्यात आली. ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर चिपांसाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर लागू झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा दर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. न खेळता परत केलेल्या चिपांचे पैसे मिळाले तरी त्यांच्यावरील कर वजा होत नाही. अर्थात थोडे खेळून शहाणपणाने उठणाऱ्यावर त्याचा बोजा प्रमाणाबाहेर पडतो. तो खेळाडू सोसो की मालक पोटात घालो. आणखी एक गोष्ट बोलकी आहे: गोव्याने २०२० मध्ये स्वतःच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळण्यास मज्जाव केला. पाहुण्यांना वाढायचे आणि घरच्यांना त्या पानावर बसू द्यायचे नाही, या रीतीत वाढणाऱ्याचे मत स्पष्ट होते. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला.

"पण जिंकतातही लोक," पुतण्या म्हणाला. "माझा मित्र दोनदा जिंकून आला."

"जिंकणारच. मी कुठे नाही म्हणतो?"

एका शून्याच्या चाकावर लाल-काळ्याचे चाळीस डाव खेळणारे शंभर लोक घेतले तर सुमारे सदतीस जण त्या संध्याकाळी नफ्यात परततात. दहा संध्याकाळींच्या अखेरीस नफ्यातले अठ्ठावीसच्या आसपास उरतात. शंभर संध्याकाळींनंतर चार-पाच. शेकडा पावणेतीनचा झिरपा पहिल्या रात्री दिसतच नाही, कारण त्याच्यावर सहाशे-सातशे रुपयांच्या लाटा उसळत असतात. सदतीस जण आपली कथा सांगतात, बाकीचे बहुतेक गप्प बसतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जग सदतीसांचेच उभे राहते.

इथवर काकांचे बोलणे वर्गातले होते. यानंतरचे मात्र घरातले होते, आणि ते त्यांनी पुतण्याला पूर्वी कधी सांगितले नव्हते.

त्यांचे वडील, म्हणजे पुतण्याचे आजोबा, नागपुरात कारकून होते. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये मुंबईत सुरू केलेला मटका आणि पुढे रतन खत्री यांचा मटका यांचे आकडे तेव्हा गावोगावी पोहोचत. आजोबा रोज एक रुपया लावीत. एकच, अधिक कधीही नाही. एकेरी आकड्याला रूढ भाव एकाला नऊ, म्हणजे रुपयामागे दहा पैशांची तूट. या हिशेबाने वर्षाचा तोटा साडेछत्तीस रुपये. आजीच्या जमाखर्चाच्या वहीत रोजचा तो रुपया "किरकोळ" या सदराखाली लिहिलेला असे.

"मी कॉलेजात संभाव्यता शिकलो आणि आईला सांगितले, फार नाही, वर्षाला साडेछत्तीसच. ती म्हणाली, 'खर्चाच्या बाजूला तीनशे पासष्ट आहेत. जमेच्या बाजूला मला एकही नऊ दाखव.' मी वह्या चाळल्या. एकही नव्हता."

नऊ रुपये आलेच नव्हते असे नाही. दहा दिवसांत एकदा या हिशेबाने ते येत असत. पण आले की दुसऱ्या आकड्यावर जात. मालकाचा दर पैशावर नसतो, उलाढालीवर असतो. हजार रुपये घेऊन टेबलाशी बसलेला माणूस जिंकलेलेच पुन्हा पुन्हा लावीत दहा हजारांची उलाढाल करतो, तेव्हा पावणेतीन टक्क्यांप्रमाणे त्याच्या खिशातले सरासरी दोनशे सत्तर रुपये गेलेले असतात. त्याच्या लेखी दर सत्तावीस टक्के होतो. तो जितका वेळ बसेल तितका हा दर शंभराकडे सरकतो. आजीने संभाव्यता न शिकताच नेमका आकडा काढला होता, कारण तिने घराच्या उंबऱ्यावर बसून मोजले होते आणि मुलाने आकड्यांच्या दुकानात बसून.

"त्या वर्षी तुझ्या आत्याची फी दोनदा थकली होती," काका म्हणाले. "रक्कम साधारण तेवढीच होती. बाबांना ते कधी कळले नाही. त्यांच्या दृष्टीने एक रुपयाच तर होता."

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "म्हणजे जाऊ नको म्हणता?"

"जा. पण जेवढे नेशील तेवढे घरातून निघतानाच गेले असे समज. परत आले तर ते नवे पैसे."

अल्प रकमेच्या जुगाराची किंमत परवडते की नाही, या प्रश्नाला शेकड्याच्या भाषेत उत्तर देता येत नाही असेच या संभाषणावरून दिसते. नाटकाच्या तिकिटाचा दर दारावर लिहिलेला असतो आणि पडदा पडला की नाटक संपते. टेबलाचा पडदा खेळणाऱ्यानेच पाडावयाचा असतो, आणि नेमक्या त्या क्षणी तसे करण्याची इच्छा त्याच्यापाशी सर्वांत कमी असते. ज्याला ते साधते त्याला संध्याकाळ परवडते. मात्र ते साधते की नाही हे आधी कळण्याचा उपाय नाही, आणि न साधल्याची किंमत पुष्कळदा टेबलाशी न बसलेले माणूस देते.

पुतण्या गोव्याला गेला. जाण्यापूर्वी त्याने घरखर्चाच्या वहीत दोन हजार रुपये लिहिले आणि पत्नीला दाखविले. सदरासाठी त्याने थोडा विचार केला, "किरकोळ" लिहिलेले खोडले, आणि "जुगार" असे लिहिले.