नंदुरबारला जाल तर काय खाल?

प्रवासाला निघालेला माणूस आधी पाहण्यासारखी ठिकाणे विचारतो. नंदुरबारचे नाव काढले की लोक तोरणमाळचा यशवंत तलाव सांगतात, तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा सांगतात, दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार सांगतात. तिथे काय खाल, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या जिल्ह्याची ओळख खऱ्या अर्थाने ताटात होते, म्हणून कुटुंबासह तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. 2011 च्या जनगणनेनुसार जवळजवळ 69 टक्के लोक आदिवासी समाजाचे, म्हणजे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी वगैरे. खाली तापीचे काळ्या मातीचे खोरे आणि वर सातपुड्याचे डोंगर. जमीन दोन तऱ्हेची, म्हणून ताटही दोन तऱ्हेचे.

खालच्या खोऱ्यातून सुरुवात करू. सुरत-भुसावळ रेल्वेने नंदुरबार स्टेशनात उतरलात की पहिली मागणी भाकरीची करा. रब्बीत होणाऱ्या इथल्या ज्वारीला दादर म्हणतात. तिची भाकरी चवीला गोडसर असते आणि बराच वेळ मऊ राहते. दुसरी कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद एकत्र दळले की त्या पिठाला कळणा म्हणतात. तिच्याबरोबर मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, तेलाची धार आणि जमल्यास वांग्याचे भरीत. हिवाळ्याच्या दिवसांत एवढे मिळाले तर आणखी कशाची गरज नाही. खानावळीत शेवभाजी हटकून मिळते. तिच्यावरचा लाल तवंग पाहून मुले घाबरतील, त्यांच्यासाठी दही मागून घ्यावे. उन्हाळ्यात कोणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर ज्वारीचे बिबडे आणि आखाजीच्या सणाला खापरावरचे मांडे आमरसाबरोबर खायला मिळतील. नवापूरकडे गेलात तर तिथली तूरडाळ घ्या. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, ही गंमत मुलांना जरूर दाखवा.

आता मिरचीकडे येऊ. नंदुरबारचा लाल मिरचीचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत मोडतो. दिवाळीच्या आसपास ओली लाल मिरची येऊ लागली की गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर ती वाळत घालतात. या जागांना पथारी म्हणतात. लांबून पाहिले तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखे वाटते. प्रवासी फोटो काढतात आणि पुढे जातात. पण जरा थांबून पाहा. तिथे मिरची पसरणाऱ्या, निवडणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बहुतेक बाया असतात. दिवसभराच्या कामाने हातांची आग होते, डोळे चुरचुरतात आणि अवकाळी पाऊस आला तर मालाबरोबर रोजगारही बुडतो. आपल्या घरच्या लाल तिखटात या हातांचे श्रम मिसळलेले आहेत.

ही मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात ती हिंदुस्थानात आली आणि तुर्कांच्या वाटेने युरोपातल्या हंगेरी देशात पोहोचली. तिथे तिला पॅप्रिका म्हणतात. हंगेरीत जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ‘गुयाश’ हा पदार्थ खाण्याचा आग्रह होतो. गुयाश म्हणजे मूळ अर्थाने गुराखी. माळरानावर गुरे राखणारी माणसे लोखंडी कढईत मांस आणि कांदा शिजवीत, पुढे त्यात मिरचीपूड आली आणि तोच त्यांचा रस्सा झाला. या रश्श्याला हंगेरीने पुढे आपला राष्ट्रीय पदार्थ मानले. सेगेड शहरातल्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने पॅप्रिका मिरचीतून भरपूर ‘क’ जीवनसत्त्व वेगळे काढले. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मुद्दा असा की, एका देशाने गुराख्याचे जेवण डोक्यावर घेतले. आपल्याकडे मात्र राबणाऱ्याचे जेवण म्हणजे ‘गरिबांचे खाणे’ असे म्हणून नाक मुरडण्याची रीत पडली. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या ताटाला नावे ठेवायची, यावरून माणसाची किंमत ठरवणारा समाज आपण जवळून पाहिला आहे. म्हणूनच सातपुड्याच्या ताटाकडे आपण तरी तशा नजरेने पाहू नये.

हे ताट पाहायचे तर तळोदा, अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला किंवा पुढे धडगावला जावे लागते. इथे उतारावरच्या शेतात ज्वारी आणि मक्याबरोबर उडीद, बर्टी, मोर अशी पिके घेतात. मोर आणि बर्टी ही बारीक भरड धान्ये. त्यांचा भात होतो, भगर होते. उडदाचे घट्ट वरण आणि ज्वारीची किंवा मक्याची भाकरी हे इथले रोजचे जेवण. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरातल्या दुकानांत अशी धान्ये चकचकीत पिशव्यांतून महाग विकली जाऊ लागली. डोंगरातल्या बायांनी त्याचे बियाणे पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांत राखले, तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हते.

पावसाळ्यात गेलात तर टाकळा, कुरडू आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी मिळेल. एप्रिल-मे महिन्यांत घरोघर गावठी कैऱ्या सोलून, फोडी करून वाळवतात. तेच आमचूर. धडगाव, मोलगीच्या बाजारात ते विकायला येते. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात आणि गूळ, डाळ्या, खजूर यांची खरेदी होते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पाहायला लांबून लोक येतात.

मोहाविषयी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. मोह म्हटले की शहरी माणूस दारू म्हणतो आणि हसतो. पण मोहाची फुले वाळवून, भाजून, शिजवून खाल्ली जातात आणि बियांपासून तेल काढतात. टंचाईच्या दिवसांत याच झाडाने माणसे जगवली. इंग्रजांच्या काळापासून मोहफुले बाळगण्यावर कायद्याची बंधने होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांवरची बंधने उठवली. झाडाखाली पहाटे फुले वेचणाऱ्या बाईला आपल्याच अन्नासाठी चोर ठरण्याची भीती बाळगावी लागत होती, हे ती फुले चाखताना लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. एवढे धान्य, एवढ्या भाज्या असलेल्या या जिल्ह्यात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. जमीन थोडी, पाऊस लहरी, दवाखाना दूर आणि हंगामात आईबाप गुजरातेत ऊसतोडीला. पौष्टिक अन्न पिकते, पण ते विकून मीठ-तेल आणावे लागते. म्हणून चव घेऊन परत येणे एवढ्याने आपले काम होत नाही.

मग काय करावे? आमचूर, भगर, उडीद बाजारात बसलेल्या बाईकडूनच घ्यावे आणि घासाघीस करू नये. जिथे महिला बचत गट जेवण देतात तिथे जेवावे, पैसे पुरे द्यावेत. कोणी घरी जेवायला बोलावले तर खाली बसून, वाढलेले सगळे संपवून, करणाऱ्या ताईला ‘भाकरी छान झाली’ असे तोंडावर सांगावे. तिच्या ताटाची चेष्टा मुलांना करू देऊ नये.

आणि घरी आल्यावर कळण्याची भाकरी करून पाहावी. एक किलो ज्वारी, पाव किलो सालाचे अख्खे उडीद आणि चमचाभर मीठ एकत्र दळून आणावे. पीठ कोमट पाण्यात चांगले मळावे, कारण उडदामुळे ते चिकट होते. भाकरी थापून आधी तव्यावर आणि मग निखाऱ्यावर किंवा गॅसवर शेकावी. ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या थोड्या तेलात भाजाव्यात आणि लसूण, शेंगदाणे, मीठ घालून खलबत्त्यात कुटाव्यात. भाकरी गरम असतानाच खायला बसावे आणि मुलांनी विचारले तर ही भाकरी कुठली, कोणाची, हेही त्यांना सांगावे.