उरल्यातील फाल्गुनराव

रायपूर शहरातून उत्तरेस बिलासपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे बीरगावाला लागून उरला नावाची जी औद्योगिक वसाहत पसरलेली आहे, तिच्याविषयी मराठी मासिकात काही लिहिण्याजोगे असेल असे तेथे नोकरीस येईपर्यंत मलाही वाटले नव्हते. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, बिलेटच्या सळया ओढणारे रोलिंगचे कारखाने, रात्रंदिवस चालणाऱ्या ट्रका आणि सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर दुपारपर्यंत बसणारी काळी भुकटी, एवढाच तेथील सर्व ऐवज. अशाच एका कारखान्याच्या कचेरीत हजेरीपट आणि पगारपत्रके सांभाळण्याचे काम मी करतो. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी पोटापाण्यासाठी आलेली काही मराठी कुटुंबे आमच्या चाळीच्या आसपास राहतात. आणि 1956 पर्यंत नागपूर हीच या मुलखाचीही राजधानी असल्यामुळे ज्यांचे आजे-पणजे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे स्थायिक झाले, अशा तात्यापाऱ्याच्या जुन्या घराण्यांपैकी एखादेदुसरे माणूसही आमच्यात मिसळते. सुटीच्या संध्याकाळी ही मंडळी एकत्र जमून काही वाचतात. वाचन मोठ्याने असते, कारण आमच्यातील निम्म्या लोकांचे शालेय शिक्षण हिंदीतून झालेले असून त्यांना मराठी ऐकून जितके सुखाने समजते, तितके डोळ्यांनी वाचून समजत नाही.

मागील पावसाळ्यात क्रेन चालवणाऱ्या आमच्या एका सोबत्याच्या पत्नीने, जिला आम्ही सर्व वहिनी म्हणतो, स्पष्ट सांगून टाकले, “भाऊजी, आता रडवणारं पुस्तक नको जी. नवरा-बायकोचं काही हलकंफुलकं असंल तर आणा.” तशी कादंबरी शोधता शोधता माझ्या हाती जे आले ते कादंबरी नसून नाटक होते. परंतु गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर न पाहता नुसते वाचले तरी ते चटकदार कादंबरीइतकेच सलग वाचता येते, या भरवशावर मी तेच पुढे ठेवले. पॅरिसमध्ये 1660 साली मोलिएरने एक छोटे प्रहसन लिहिले, त्यावरून शंभर वर्षांनी, 1761 मध्ये, लंडनला आर्थर मर्फीने ‘ऑल इन द राँग’ हे नाटक रचले, त्याला देवलांनी मराठी घरात आणून ‘फाल्गुनराव’ या नावाने गद्य रूप दिले आणि पुढे 1916 साली पदांची जोड मिळून गंधर्व नाटक मंडळीने ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव त्यानंतर अनेक वर्षे लोकांच्या तोंडी राहिला. देवल मात्र त्याच वर्षी, प्रयोगाआधीच, निवर्तले होते.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी घोटाळ्याचे मूळ तेवढे सांगतो. फाल्गुनराव हा सधन आणि स्वभावतः संशयी गृहस्थ. रेवती नावाची तरुणी त्याच्या घरासमोर चक्कर येऊन पडू लागते, तेव्हा तो तिला सावरतो. ते खिडकीतून त्याची पत्नी कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून एक तसबीर तेथे पडते. ती असते रेवतीच्या प्रियकराची, आश्विनशेठची. कृत्तिका ती उचलून न्याहाळत असताना फाल्गुनराव परत येतो आणि परपुरुषाच्या चित्राकडे टक लावून पाहणारी पत्नी त्याला दिसते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाजवळ आहे हे आश्विनशेठच्या दृष्टीस पडते आणि आपण प्रेमाने दिलेली वस्तू रेवतीने दुसऱ्याला दिली, असा निष्कर्ष तो काढतो. पुरुषांची नावे महिन्यांवरून आणि स्त्रियांची नक्षत्रांवरून योजण्याचा देवलांचा खेळ आमच्यातील मुलांना फार आवडला. नाटक संपेपर्यंत चाळीतल्या प्रत्येकाचे त्यांनी नवे बारसे करून टाकले होते.

मंडळी हसली, पुष्कळ हसली. परंतु वाचन संपल्यावर जी चर्चा उसळली तिने मला चकित केले. वस्तुतः मी अपेक्षिले होते ते एवढेच की, फाल्गुनराव मूर्ख आहे यावर सर्वांचे एकमत होईल आणि चहा घेऊन लोक घरी जातील.

पहिले मत आमच्या फोरमनभाऊंचे. त्यांच्या मते फाल्गुनरावाचा अपराध संशय घेण्यात नव्हता. डोळ्यांसमोर असे दिसल्यावर ज्याला संशय येणार नाही तो एक तर साधू असेल किंवा बायकोविषयी बेफिकीर असेल. अपराध हा की, त्याने चाकरमाणसांकडे चौकशी केली, परक्यांच्या तोंडाकडे पाहिले, स्वतःशी तर्क लढवले. पण जिला विचारायचे तिला नीट बसवून विचारले नाही. “सळई लाल असते तोवर वाकवता येते, सरळबी करता येते,” ते म्हणाले, “गार झाल्यावर हातोडा घातला तर मोडते.” यावर त्यांच्या पत्नीने, पदराआडून नव्हे तर चांगले समोर पाहून, “तुम्ही कधी विचारलं होतं जी मले?” असे म्हटल्यामुळे हा मुद्दा काही काळ तहकूब ठेवावा लागला.

या सर्वांत विचार करायला लावणारे मत दिले ते तात्यापाऱ्याहून मुद्दाम येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांची हयात रायपूरच्या न्यायालयात दप्तर सांभाळण्यात गेली असून आम्ही त्यांना शिरस्तेदारकाका म्हणतो. त्यांनी संपूर्ण नाटकाकडे एखाद्या मिसलीसारखे पाहिले होते. तसबीर हा त्यांच्या लेखी मुद्देमाल. ती कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेली याची नोंद त्यांनी वहीच्या मागच्या पानावर अंकवार करून आणली होती आणि ती नोंद पाहून त्यांचा अभिप्राय असा की, या प्रकरणात पुरावा कोणी बनावट तयार केलेला नाही. कृत्तिकेने जे पाहिले ते खरोखर घडले होते. फाल्गुनरावाने पाहिले तेही खरे. आश्विनशेठने पाहिलेली तसबीर तर अस्सलच होती. “साक्षी सगळ्या खऱ्या आणि निकाल तेवढे चुकीचे,” काका म्हणाले, “असा खटला चालवायला मुनसफ फार हुशार लागतो. खोटा साक्षीदार उलटतपासणीत फुटतो. खरा फुटायचा कसा?”

हे ऐकल्यावर मला देवलांच्याच दुसऱ्या नाटकाची आठवण झाली. ‘संशयकल्लोळा’चे गद्य रूप लिहिण्यापूर्वीच, 1890 च्या सुमारास, त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ या नावाने रूपांतर केले होते आणि गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली होती. म्हणजे एकाच लेखकाने, पती-पत्नींमधील संशय या एकाच विषयावर, एकदा प्राणान्तापर्यंत आणि एकदा हास्यान्तापर्यंत जाणारी अशी दोन नाटके मराठीला दिली. एकात रुमाल हातोहात फिरतो, दुसऱ्यात तसबीर. फरक काय? मूळ ‘ऑथेल्लो’त यागो आहे, म्हणजे मुद्दाम खोटे रचून विष कालवणारा मनुष्य आहे, त्यामुळे नायकाच्या हातून घडलेल्या अनर्थाचा काही भार आपण त्या दुष्टाच्या माथी मारू शकतो. ‘संशयकल्लोळा’त असा कोणीही नाही. तेथे संशय घेणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या बुद्धीखेरीज दुसऱ्या कोणीही फसवलेले नाही. आपल्या आजूबाजूच्या संसारांकडे पाहता यागो क्वचित आढळतो आणि फाल्गुनराव घरोघर आढळतात. म्हणून लोक ज्याला हलके समजतात ते नाटक जीवनाच्या अधिक जवळचे आहे, असे माझे मत बनले, आणि ते मी बोलूनही दाखवले.

वहिनींना मात्र हे पटेना. त्यांचे म्हणणे असे की, हा सगळा खटाटोप नोकर असलेल्या घरातला आहे. खिडकीत उभे राहायला कृत्तिकेला सवड आहे, पाळत ठेवायला फाल्गुनरावाजवळ माणसे आहेत. “आमच्याकडं तीन पाळ्या. हे रात्रपाळीहून येतेत तवा मी डबा भरते, मी झोपते तवा हे निघतेत. संशय घ्याले तरी दोघं एका टाइमाले घरात पाहिजेत ना!” मंडळी खळखळून हसली. पण हसू ओसरल्यावर त्यांनी जे सांगितले त्यात विनोद नव्हता. रात्रपाळीवर गेलेल्या पुरुषाच्या घरी कोण आले, दिवा किती वाजेपर्यंत होता, याचा हिशेब नवरा ठेवीत नसला तरी चाळ ठेवते. आणि उलट, पाळी सुटल्यावर नवरा घरी पोहोचायला एवढा वेळ कोठे होता, हा हिशेब चाळीतले कोणीच ठेवीत नाही.

आमच्यातील एका घरची सून पदवीधर आहे. ती बहुधा गप्प असते. तिने एवढेच म्हटले की, तसबीर आता कोणी अंगणात पाडीत नाही, ती मोबाईलमध्ये असते. आणि नवऱ्याने बायकोचा फोन तिच्या अपरोक्ष उघडून पाहणे याला आपण काळजी म्हणतो, बायकोने तेच केले तर कटकट म्हणतो. एवढे बोलून ती कपबश्या गोळा करू लागली. तिचा सासरा तेथेच बसलेला होता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

वहिनींचे आणि या सुनेचे बोलणे एकत्र केले म्हणजे जे निघते त्याला कायद्याचाही आधार दीर्घकाळ होता, ही गोष्ट शिरस्तेदारकाकांनी पुरवली. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 497 अन्वये व्यभिचाराची फिर्याद करण्याचा अधिकार पतीला होता, तीही परपुरुषाविरुद्ध. पत्नीला शिक्षा नव्हती हे खरे, परंतु पती दुसरीकडे गेला म्हणून तिला फिर्यादही करता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी ते कलम रद्द ठरवले. तेव्हा देवलांच्या काळी फाल्गुनराव मनात आणता तर आश्विनशेठला न्यायालयात खेचू शकला असता. कृत्तिकेच्या हाती आदळआपट करण्यापलीकडे काही नव्हते. नाटकात दोघांचे संशय तराजूत समसमान ठेवल्यासारखे दिसतात आणि त्या समतोलावरच विनोद उभा आहे. तो समतोल घराबाहेर कोठेच नव्हता. देवलांना हे ठाऊक नसेल असे मी मानीत नाही. ‘शारदा’ लिहिणाऱ्या माणसाला स्त्रीची बाजू दिसत नव्हती असे कोण म्हणेल? परंतु प्रहसनाच्या चौकटीत ते बोलून दाखवायला जागा नव्हती, आणि शेवटी सर्व पात्रांना समोरासमोर आणून त्यांनी जो उलगडा झटपट उरकला आहे, तो मला तरी थोडा घाईचा वाटतो.

आजी अगदी शेवटी बोलल्या. कोणाच्या आजी हे सांगण्याचे कारण नाही, वयाने सर्वांच्याच. त्यांनी नाटकभर डोळे मिटून ऐकले होते आणि त्यांना ना फाल्गुनरावाचे काही होते, ना कृत्तिकेचे. त्या म्हणाल्या, “त्या पोरीचं काय?” रेवती मघा नायकिणीच्या घरची, तिला लग्न करून संसार थाटायचा आहे. फाल्गुनराव-कृत्तिकेचा तंटा मिटला तर ते पूर्वीसारखे नवरा-बायको आहेतच. पण तसबीर दुसऱ्याजवळ दिसताच आश्विनशेठला जे वाटले ते तिच्या वागण्यावरून वाटले की तिच्या घरावरून? आणि पुढे लग्नानंतर काही हरवले, काही सापडले, तर त्याला पुन्हा तेच वाटणार नाही कशावरून? फाल्गुनरावाने तिला सावरले, हे नाटकातले एकमेव निर्मळ कृत्य, आणि त्याचाच सर्वांनी बोभाटा केला, हेही आजींनीच दाखवून दिले. यावर आमच्यात कोणी उत्तर दिले नाही. शिरस्तेदारकाकांनीही वही मिटली.

त्यानंतरच्या बैठकीत वहिनींच्या आग्रहावरून आम्ही तेच नाटक पुन्हा घेतले, मात्र भूमिका उलट केल्या: फोरमनभाऊंनी कृत्तिका वाचली आणि त्यांच्या पत्नीने फाल्गुनराव. त्या बाईंनी फाल्गुनरावाच्या संतापात एक असा खालचा, पुटपुटता सूर लावला की तो कोणाचा आहे हे ओळखायला आम्हांला वेळ लागला नाही, आणि फोरमनभाऊंनाही लागला नाही. कृत्तिकेच्या तक्रारी मात्र एका जाडजूड, मिशाळ पुरुषाच्या तोंडून ऐकताना त्या प्रथमच तक्रारी वाटल्या, त्रागा वाटला नाही. ज्या वाचनमंडळांत नवरा-बायको दोघेही येत असतील त्यांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

आता मंडळींना ‘झुंझारराव’ वाचायचा आहे. वहिनींनी या वेळी रडण्याची तयारी दाखवली आहे. परंतु त्याची प्रत रायपुरात मिळाली नाही आणि नागपुरास मित्रांकडे चौकशी केली तेथेही हाती लागली नाही. ज्या वाचकांकडे जुनी, सुटी पाने असलेली का होईना, प्रत पडून असेल त्यांनी ती थोड्या काळापुरती देण्याची कृपा करावी. पोस्टाचा खर्च आम्ही सोसू, आणि उरल्याची काजळी पानांवर बसू न देता परत पाठवू.