ज्याचे जळते त्याच्या शेजारी

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण खरी मानली, तर समुपदेशन शिकवता येणे संभवत नाही. आणि ती खोटी मानली, तर चाळिशी-पन्नाशीत हे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या अनेक स्त्री-पुरुषांची मूळ प्रेरणाच निराधार ठरते. समुपदेशन म्हणजे मनाने अडचणीत सापडलेल्या व्यक्तीचे म्हणणे ठरावीक शिस्तीने ऐकून, तिचा मार्ग तिलाच सापडावा यासाठी केलेले व्यावसायिक साहाय्य. त्यात औषधे नसतात. जे काही घडते ते दोन माणसांच्या संभाषणात घडते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला नेमके काय कळते व कशाच्या बळावर कळते, हा प्रश्न या विद्येच्या मुळाशी कायम राहतो.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न अधिक बोचतो. भूगाव, पिरंगुट, माण, हिंजवडी या पट्ट्यात 1990 नंतरच्या दशकांत जमिनी विकल्या गेल्या, भातखाचरांच्या जागी इमारती आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, तर ताम्हिणी घाटाकडच्या वाड्यावस्त्यांना मानसोपचारतज्ज्ञ अजूनही पुण्यातच शोधावा लागतो. झोप उडालेला तरुण अभियंता आणि जमिनीचे पैसे संपल्यावर व्यसनात बुडालेला शेतकऱ्याचा मुलगा एकाच रस्त्याने ये-जा करतात. या दोघांसाठी काही करावे या ओढीने कोणी शिक्षिका, गृहिणी, निवृत्त बँक कर्मचारी किंवा पौडची एखादी आशाताई पुन्हा विद्यार्थी होते. कोणी चांदणी चौक ओलांडून शनिवार-रविवारच्या वर्गांना पुण्यात जाते, तर कोणी ‘इग्नू’सारख्या मुक्त विद्यापीठाचा समुपदेशन व कुटुंबोपचाराचा अभ्यासक्रम घरकाम आटोपून रात्री वाचते.

प्रौढशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक माल्कम नोल्स यांनी अशी मांडणी केली की, मूल शिकते आणि प्रौढ शिकतो यांत मोठा फरक अनुभवाचा असतो, कारण प्रौढाने जगलेले आयुष्य हेच त्याच्या शिक्षणाचे पहिले साधन असते. ही मांडणी दिलासा देणारी आहे, पण समुपदेशनाचा वर्ग हेच साधन आरंभीच विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतो. तेथे तिघांचे गट करून सराव करवला जातो: एक समुपदेशक होतो, एक साहाय्य मागणारा होतो, तिसरा निरीक्षक म्हणून टिपणे घेतो. या सरावात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याच्या तोंडून सर्वांत सहज निघणारे वाक्य ‘माझ्याही बाबतीत असेच झाले होते’ हे असते, आणि निरीक्षकाच्या टिपणात नेमके तेच वाक्य चूक म्हणून नोंदले जाते, कारण त्या क्षणी समोरच्याचे दुःख बाजूला पडून बोलणाऱ्याचे दुःख खोलीच्या मध्यभागी येऊन बसते. ज्या स्त्रीने वीस वर्षे भावकीची भांडणे मिटवली, नणंदा-जावांची समजूत घातली, तिच्या दृष्टीने हीच तर तिची पात्रता होती. तिला ती पात्रता दाराबाहेर ठेवायला सांगणे कितपत न्याय्य आहे, याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत सहसा मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात उपचारात्मक बदलासाठी आवश्यक अशा सहा अटी मांडल्या, आणि त्यांपैकी समानुभूतीची, म्हणजे दुसऱ्याचे आंतरिक जग जणू आपलेच असावे तसे जाणण्याची, अट सर्वाधिक शिकवली जाते. रॉजर्स यांचा सारा भर त्या ‘जणू’वर होता, तो सुटला, तर जाणणारा स्वतःच त्या दुःखात सापडतो. मराठी म्हणीला हा ‘जणू’ मान्य नाही. तिच्या मते जळणे आणि कळणे यांच्यामध्ये कोणतीही पायरी नाही.

तथापि म्हण कोण उच्चारतो, याकडे पाहिले की तिचा अर्थ थोडा हलतो. ती बहुधा जळणाराच उच्चारतो, आणि तेही सांत्वन करणाऱ्याला थांबवण्यासाठी. म्हणजे ती ज्ञानाविषयीचा सिद्धान्त नसून एका दुखावलेल्या माणसाने लावून घेतलेले दार आहे. शिवाय तिचा रोख चालू असलेल्या आगीवर आहे. ज्याचे दहा वर्षांपूर्वी जळून गेले आणि ज्याने नंतर घर पुन्हा बांधले, त्याला आजच्या जळणाऱ्याचे कळते असे म्हणीत कोठेही म्हटलेले नाही. स्वतःच्या घटस्फोटातून, अपत्यवियोगातून किंवा दीर्घ नैराश्यातून सावरून या अभ्यासक्रमाकडे आलेल्या प्रौढाला म्हण आपल्या बाजूची वाटते, परंतु नीट वाचली तर ती त्यालाही बाहेरच उभे करते.

याच्या उलट साक्ष पुण्यातच आहे. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे समुपदेशक म्हणून काम करत आली आहेत, आणि नव्याने दाखल झालेला रुग्ण डॉक्टरांना जे सांगत नाही ते त्यांना सांगतो, हा तेथील पद्धतीचा पाया आहे. मुळशी-मावळातील भातशेतीतही पेरणीपूर्वी शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पेटवतात, त्याला राब भाजणे म्हणतात, आणि भाजलेल्या त्या तुकड्यातच रोपे जोमाने वाढतात. जळलेल्या मनाविषयीही असेच म्हणावे असा मोह होतो. मात्र शेतकरी राब मोजून भाजतो, साऱ्या खाचराला काडी लावत नाही. माणसाच्या आयुष्यातील आगीला असे माप नसते, त्यामुळे हे साम्य फार पुढे नेता येत नाही.

म्हणीचा शोध मुळशीत घेताना ज्यांचे जळाले नाही तर बुडाले, त्यांच्यापाशी थांबणे भाग पडते. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले, आणि त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव याच लढ्याने दिले, परंतु बापट पारनेरचे होते. या खोऱ्यातली शेती त्यांची नव्हती; जळत होते ते दुसऱ्यांचे. ज्या सावकारांकडे येथल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री होत्या, त्यांचेही तसे पाहता बुडतच होते, पण त्यांनी मोबदला घेणे पसंत केले आणि लढ्यात मोठी फूट पडली. म्हणजे ज्यांचे जळत होते त्यांपैकी काहींना ते जळणे रकमेइतकेच कळले, आणि ज्याचे काहीच जळत नव्हते त्याला ते असह्य झाले.

अहिंसक लढा ओसरल्यावर बापटांनी धरणाच्या कामाच्या रेल्वेवर हल्ला केला आणि त्यासाठी सात वर्षांचा तुरुंगवास भोगला. आजचे समुपदेशनशास्त्र या वृत्तीला अतितादात्म्य म्हणेल, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाशी इतके एकरूप होणे की त्या दुसऱ्याची स्वतःची गती आणि स्वतःचा निर्णय मागे पडतो. पण हे निदान बापटांना लावणे योग्य आहे काय? खोऱ्यातील कुळांना त्या वेळी ऐकणारा हवा होता की लढणारा, हे ठरवण्याचा अधिकार शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासक्रमाला नाही. किंबहुना 1922 साली कोणी शिस्तीने समानुभूती शिकलेला समुपदेशक मुळशीत येऊन बसला असता, तर त्याने शेतकऱ्यांना जमीन जाण्याचे दुःख सोसायला मदत केली असती, आणि त्याचे काम कितीही मायेचे असले तरी ते कंपनीच्या सोयीचे ठरले असते. ही शक्यता अस्वस्थ करणारी आहे, कारण ती केवळ इतिहासाची नाही. जमीन गेल्यामुळे मोडलेल्या घरातील तरुणाला आज समुपदेशक त्याच्या विचारांची तपासणी करायला शिकवतो, तेव्हा ज्या व्यवहाराने ते घर मोडले तो व्यवहार त्या खोलीत येतच नाही. तो तेथे आणावा, तर समुपदेशन संपून चळवळ सुरू होते. न आणावा, तर जे कळले ते अर्धेच कळले असे म्हणावे लागते.

2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवा देणाऱ्या समुपदेशकांना आपल्या कक्षेत घेतले आहे, आणि शिक्षण व नोंदणी यांची शिस्त लावणे निश्चितच आवश्यक आहे. आठवडाभराच्या कार्यशाळेवर दुसऱ्याच्या मनात हात घालणे धोक्याचे असते. तरीही कायदा अभ्यासाचे तास मोजू शकतो, त्यांपलीकडचे नाही. जिच्या माहेरची जमीन रस्त्याला किंवा इमारतीला गेली आहे अशी मुळशीतील विद्यार्थिनी सरावात समुपदेशकाच्या जागी बसते, आणि समोरची दुसरी तशाच गेलेल्या जमिनीविषयी बोलू लागते, तेव्हा पहिलीचा चेहरा बदलतो, ती मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, आणि निरीक्षक आपल्या टिपणात उत्तम समानुभूती अशी नोंद करतो. त्या वेळी तिने समोरचीचे ऐकले होते, की तिला केवळ स्वतःचे खाचर आठवले होते, हे त्या नोंदीवरून वेगळे काढता येत नाही, आणि तिला स्वतःला तरी ते काढता येत असेल असे खात्रीने म्हणता येत नाही.